डिस्क फिरत होती का? नियमांच्या वहीतल्या नोंदी

आठवडा १

वही सुरू करायचं कारण अगदी सरळ आहे : अपमान. आम्ही अल्टिमेट (फ्रिस्बी) खेळतो, पंचांशिवाय, आणि मागच्या मैत्रीपूर्ण स्पर्धेत समोरच्या संघाने आम्हाला स्पिरिटच्या, म्हणजे खेळभावनेच्या, गुणपत्रिकेत पहिल्याच रकान्यात, म्हणजे ‘नियमांचं ज्ञान आणि वापर’ यात, एक गुण दिला. एकूण पाच रकाने, प्रत्येकात शून्य ते चार गुण, आणि दोन म्हणजे ठीकठाक. एक मिळाला याचा अर्थ तुम्ही ठीकठाकही नव्हता. आता संघात सगळ्यात जास्त वेळा हात वर करून ‘नियमाप्रमाणे बघायला गेलं तर’ अशी सुरुवात करणारा कोण? मी. त्यामुळे तो एक गुण संघाला नाही, मलाच दिलाय असं वाटलं.

घरी येऊन जागतिक फ्लाइंग डिस्क महासंघाची तेव्हा लागू असलेली २०२१-२०२४ ची नियमावली पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. कबुली देतो, ती सलग वाचण्याची ही माझी पहिलीच वेळ. इतकी वर्षं ऐकीव माहितीवर वकिली चालली होती.

वहीत दोन रकाने आखलेत. ‘मैदानावर काय म्हटलं गेलं’ आणि ‘नियम काय म्हणतो’. प्रत्येक वाद त्याच संध्याकाळी लिहायचा, झोप काढल्यावर नाही. झोपेत आपली बाजू आपोआप बळकट होते.

आठवडा २

पहिला दणका स्टॉल काउंटचा, म्हणजे डिस्क हातात असलेल्या थ्रोअरसमोर उभा राहून बचाव करणारा मार्कर एक ते दहा मोजतो त्याचा. आमच्याकडे सगळ्यांची समजूत अशी की मार्करचा ‘टेन’ पूर्ण म्हणून होईपर्यंत डिस्क सोडली तर चालते. चालत नाही. मार्कर ‘टेन’ म्हणायला सुरुवात करतो त्या क्षणी डिस्क हातात असेल तर स्टॉल-आउट, डिस्क समोरच्या संघाकडे. म्हणजे वाद शब्दाच्या शेवटी नाही, पहिल्या अक्षरावर आहे. आम्ही आजवर थ्रोअरला अर्धा सेकंद फुकट देत आलो.

पण थ्रोअरवाल्यांनी लगेच हळहळू नये, कारण दुसऱ्या बाजूने आम्ही त्यांचं त्याहून जास्त लुटत होतो. दोन आकड्यांच्या सुरुवातींमध्ये किमान एक सेकंद हवा. म्हणजे ‘वन’च्या सुरुवातीपासून ‘टेन’च्या सुरुवातीपर्यंत किमान नऊ सेकंद. मी सरावात मार्क करताना फोन खिशात ठेवून स्वतःचा काउंट रेकॉर्ड केला. साडेसात सेकंद! पुन्हा केला, तरी आठच्या आतच. पहिले चार आकडे अगदी शिस्तीत येतात, आणि सहाच्या पुढे, थ्रोअर घाबरायला लागला की, माझी जीभ पळत सुटते. हे मुद्दाम होत नाही, पण थ्रोअरला त्याने काय फरक पडतो?

थ्रोअरने ‘फास्ट काउंट’ म्हटलं की खेळ थांबत नाही. मार्करने पूर्ण उच्चारलेल्या शेवटच्या आकड्यातून एक वजा करून पुढे मोजायचं. ‘सेव्हन’ झाला असेल तर पुढचा आकडा ‘सिक्स’. आमच्यात दोघेजण ‘सेव्हन’च पुन्हा म्हणत होते आणि एक महाभाग सरळ ‘एट’वर जात होता. तो महाभाग कोण हे वहीत लिहिलेलं नाही, पण वही त्याचीच आहे.

आठवडा ३

पिक, म्हणजे आपण राखत असलेल्या खेळाडूमागे जाताना मध्ये दुसरं कोणी आडवं येणं. यावर जास्त लिहिण्यात अर्थ नाही, कारण यात वाद नव्हताच, निव्वळ अज्ञान होतं. पिक म्हणायला तुम्ही तुमच्या खेळाडूपासून तीन मीटरच्या आत असायला हवं, आणि त्याच्या हालचालीला प्रतिसाद देत असायला हवं. मी सहा मीटरवर उभा राहून, डोळे थ्रोअरकडे, पोचिंगच्या (आपला खेळाडू सोडून दुसऱ्याचा पास अडवण्याच्या) बेतात, आणि मध्ये कोणी आलं की ‘पिक!’ ओरडत होतो. या आठवड्यात माझे दोन पिक मी स्वतः मागे घेतले. दुसऱ्या वेळी समोरचा कटर (पास घ्यायला धावणारा) म्हणाला, ‘अरे, आज बरं नाही का तुला?’

आठवडा ४

खेळ झाला नाही. हातांच्या खुणा पाठ केल्या. ट्रॅव्हलची (डिस्क हातात असताना पाय चुकीचा हलवण्याची) खूण बास्केटबॉलसारखीच, दोन मुठी एकमेकींभोवती फिरवायच्या. बाकीच्या आरशासमोर.

आठवडा ५ आणि ६

आता मूळ मुद्दा. ज्या वादामुळे दोन आठवडे आमचा ग्रुप पेटलेला होता तो असा.

आमचा उंच कटर एंडझोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या ज्या भागात डिस्क पकडली की गोल होतो तिथे, उभा. हँडलर (मागून पास देणाऱ्या) ताईंनी डोक्यावरून हॅमर, म्हणजे उलटा पास, टाकला. कटरने दोन्ही हातांनी डिस्क धरली, किंवा धरतच होता, आणि त्याच क्षणी डिफेंडरचा हात आला, डिस्क खाली पडली. कटर ओरडला, ‘फाउल!’ डिफेंडर म्हणाला, ‘मी फक्त डिस्कला हात लावला, तुला नाही.’ कटर म्हणाला, ‘पण मी ती पकडली होती.’ डिफेंडर म्हणाला, ‘डिस्क अजून फिरत होती.’

या चार वाक्यांत सगळं आहे, पण त्या दिवशी आम्हाला कळलं नाही. आम्ही बारा जण गोल करून उभे राहिलो आणि शब्दाचा कीस काढत बसलो. कोणी म्हणे गोल, कोणी म्हणे गोललाइनवरून खेळा, कोणी म्हणे डिस्क ताईंकडे परत. गंमत म्हणजे तिन्ही उत्तरं नियमावलीत आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या घटनांसाठी.

पकडताना शरीराला धक्का बसला आणि डिफेंडरने तो मान्य केला, तर तो रिसीव्हिंग फाउल. डिस्क कटरला मिळते, पण गोल मिळत नाही. फाउल एंडझोनमध्ये झाला असेल तर सगळ्यात जवळच्या गोललाइनवर येऊन तिथून खेळायचं. कारण धक्का बसला नसता तर त्याने डिस्क पकडलीच असती असं ठामपणे सांगता येत नाही.

स्ट्रिप वेगळी. डिस्क आधीच ताब्यात आली होती आणि डिफेंडरने नंतर तिला हात लावून पाडली, तर ती स्ट्रिप. आणि स्ट्रिप मान्य झाली, तर तो गोल, कारण गोल आधीच झालेला होता, डिफेंडरने फक्त त्याचा पुरावा खाली पाडला.

आणि ताबा येण्याआधी डिस्कला हात लागला असेल? मग काहीच नाही, तो स्वच्छ डिफेन्स, टर्नओव्हर, डिस्क समोरच्यांची.

म्हणजे प्रश्न एकच उरतो : ताबा कधी येतो? डिस्क फिरायची थांबली पाहिजे, ती तुमच्या नियंत्रणात पाहिजे आणि तो संपर्क टिकलेला पाहिजे. डिफेंडरचं ‘फिरत होती’ हे वाक्य मला त्या दिवशी पळवाट वाटलं होतं. घरी वाचल्यावर लक्षात आलं की बारा जणांत फक्त तोच योग्य प्रश्नावर बोट ठेवत होता. आमचा कटर ‘फाउल’ म्हणत होता तेही चुकीच्या शब्दात. त्याला ‘स्ट्रिप’ म्हणायचं होतं. कॉलचा शब्द चुकला म्हणून कॉल बाद होत नाही, काय झालं त्यावर योग्य तो नियम लागतो. पण तो शब्द आधी नीट आला असता तर चर्चा निम्म्या वेळात ताब्याच्या प्रश्नावर आली असती.

आता, फिरत होती की नव्हती हे कोणी पाहिलं? इथे मी वही बंद करून बराच वेळ बसलो. कटरला हाताला जाणवलं. डिफेंडरला बोटाला जाणवलं. बाकीचे आम्ही दहा जण, ज्यांचा आवाज सगळ्यात मोठा होता, आमच्यातल्या कोणालाच ते दिसणं शक्य नव्हतं. हँडलर ताई तर पन्नास मीटरवर होत्या. (त्या एकट्याच गप्प होत्या हेही नोंदवून ठेवतो.)

वहीत तिसरा रकाना आखला : ‘कोणाला काय दिसलं, आणि कुठून’. मग मागच्या पाच आठवड्यांच्या नोंदी परत वाचल्या. एकोणीस वाद. त्यातल्या तेरांमध्ये दोन्ही बाजूंचा नियमाबद्दल मतभेदच नव्हता. मतभेद घडलं काय याबद्दल होता, आणि आम्ही एकमेकांना नियम ऐकवत होतो.

दोघांचं जुळलं नाही, तर नियमावलीत त्याची सोय आहे : डिस्क शेवटच्या निर्विवाद थ्रोअरकडे परत. त्या दिवशी ते एका मिनिटात करता आलं असतं. ‘कॉन्टेस्ट’ (तुझा कॉल मला मान्य नाही) म्हणजे ‘तू खोटं बोलतोस’ असं आमच्यात अजून काहींना वाटतं, म्हणून ते म्हणायला लाजतात आणि त्याऐवजी दहा मिनिटं भांडतात. खेळाचा पायाच असा आहे की कोणी मुद्दाम नियम मोडत नाही असं धरून चालायचं, म्हणून मोठ्या शिक्षाही नाहीत. चूक घडली नसती तर बहुधा जे झालं असतं, तिथून खेळ पुढे न्यायचा. आपण दोघांनी वेगळं पाहिलं, एवढाच कॉन्टेस्टचा अर्थ.

आठवडा ७

रेषा. आमच्या मैदानावर रेषा आखलेल्या नाहीत, कोन (खुणेचे शंकू) आहेत. गोललाइन ही मधल्या भागाचा हिस्सा आहे, एंडझोनचा नाही. पायाचा अंगठा रेषेवर टेकला तरी गोल नाही. आणि बाजूची रेषा मैदानाबाहेरची. हे दोन्ही पाठ असूनही वाद होतो, कारण जिथे रेषाच नाही तिथे अंगठा कशावर टेकला?

नियमावली सांगते की ज्याला डिस्क, जमीन, खेळाडू आणि रेषा यांचं सगळ्यात पूर्ण चित्र दिसत होतं त्याचं ऐकावं, आणि रेषा नसतील तर एका कोनापासून दुसऱ्या कोनाकडे नजर लावून बघावं लागेल. आम्ही करून पाहिलं. कोनामागे ओणवं होऊन नजर लावली तर खेळाडूला जे ‘अर्धा मीटर आत’ वाटत होतं ते चक्क बाहेर निघालं. पळताना आपली रेषा आपल्याबरोबर पळते! आता साइडलाइनवरचे राखीव खेळाडू कोनाच्या सरळ रेषेत उभे राहतात. कॉल त्यांचा नाही, पण विचारलं तर काय दिसलं ते सांगता येतं.

आठवडा ९

आठव्या आठवड्याची नोंद हरवली, पान फाटलं. बहुधा ट्रॅव्हलबद्दल होतं. बहुधा मीच चुकलो होतो.

या आठवड्यात नवा गडी आला, अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे व्हिडिओ बघून तयार झालेला. तिथे पंच असतात आणि स्टॉल सात सेकंदांचा. तो सातला ‘स्टॉल!’ म्हणून डिस्क मागायला लागला. त्याला कोणी हसलं नाही, कारण खेळ थांबल्यावर काउंटची पुन्हा सुरुवात कुठल्या आकड्यावरून करायची हे आमच्यातही फक्त चौघांना येत होतं. डिफेन्सने चूक मान्य केली तर एकवरून. स्टॉल-आउट कॉन्टेस्ट झाला तर जास्तीत जास्त आठ. पिक आणि बाकी बहुतेक कॉल्सना शेवटच्या आकड्यात एक मिळवायचा, पण नऊच्या वर जायचं नाही. सहाला पिक झाला, तर ‘स्टॉलिंग सेव्हन’. आता दर सरावाच्या सुरुवातीला कोणीतरी एकजण परिस्थिती सांगतो आणि बाकीचे आकडा ओरडतात. लहान मुलांच्या पाढ्यांसारखं. काम करतं.

आठवडा १०

जुन्या डिस्कच्या कडेला रंगीत चिकटपट्टी लावली, फोन स्टँडवर ठेवला, आणि स्लो मोशनमध्ये शंभरेक कॅच रेकॉर्ड केले. दोन तळव्यांमध्ये दाबून पकडलेली डिस्क जवळपास लगेच थांबते. पण कडेला एका हाताने, विशेषतः डोक्यावर उंच धरलेली डिस्क मुठीत थोडी सरकते, कधी बरीच, आणि पकडणाऱ्याला ते जाणवतही नाही! उंच कटरने स्वतःचा व्हिडिओ चार वेळा पाहिला. मग म्हणाला, ‘त्या दिवशी दोन्ही हात होते माझे.’ डिफेंडर म्हणाला, ‘दुसरा हात नंतर आला.’ आणि दोघे परत सुरू झाले. हसत होते, एवढाच फरक.

शेवटच्या सामन्यात हेच माझ्यावर आलं. मी डिफेन्सला, एंडझोनमध्ये डिस्कला हात घातला, डिस्क पडली, समोरची मुलगी म्हणाली, ‘स्ट्रिप.’ मला विचारलं, ‘फिरत होती का?’ दहा आठवड्यांपूर्वी मी ‘हो’ म्हटलं असतं, आणि ते खरंही वाटलं असतं मला. मी म्हटलं, ‘मला कळलं नाही. तुला?’ ती जरा थांबली. ‘थांबली होती असं वाटतं. शंभर टक्के नाही सांगत.’ डिस्क थ्रोअरकडे परत. मार्क माझाच होता, ‘स्टॉलिंग फोर’पासून. आकडे सावकाश मोजले. सिक्सला थ्रोअरने ब्रेक (मी अडवत होतो त्या बाजूने पास) टाकला आणि त्याच मुलीने दोन तळव्यांत तो दाबून धरला, डिस्क डोक्यावर नेली आणि माझ्याकडे बघून दोन सेकंद तशीच धरून ठेवली.

तिसऱ्या रकान्यात लिहिलं : थांबली होती. मला दिसलं.