तिने एवढे विचारलेच नव्हते

रविवार, १३ ऑक्टोबर २०२४, रात्री

प्रचाराला दारावर आलेल्या बाई जाऊन आठ तास उलटले, तरी मनातल्या मनात मी अजून त्यांनाच उत्तर देते आहे. कालच्या दसऱ्याचे तोरण दारावर तसेच होते. परसातल्या झेंडूला यंदा भरपूर फुले आली, म्हणून हौसेने दोनपदरी केले होते. बाई साठीच्या पुढच्या होत्या आणि अंगावरच्या ठेवणीतल्या कपड्यांवरून चर्चमधून परस्पर आलेल्या वाटल्या. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आहे आणि इथे पेनसिल्व्हेनियात सध्या दिवसाआड कोणीतरी दार वाजवतेच, त्यामुळे मला नवल वाटले नाही. त्यांनी पत्रक हातात दिले, तोरणाचे कौतुक केले, हा कसला सण म्हणून विचारले आणि त्याच ओघात पुढचा प्रश्न आला, "तुम्ही कोणत्या चर्चला जाता?"

"आम्ही हिंदू आहोत," मी म्हणाले. तिथेच थांबायला हवे होते. "पण आम्हीही शेवटी एकच देव मानतो." मग येशूविषयी आम्हाला किती आदर आहे ते सांगितले, लेक चर्चच्या बालवाडीत जात होती ते सांगितले, नाताळात घरी झाड सजवतो हेसुद्धा सांगितले. बाई "किती छान" म्हणाल्या, पत्रकावरची मतदानाची तारीख त्यांनी बोटाने दाखवली आणि त्या शेजारच्या घराकडे वळल्या. त्यांच्या खांद्यावर झेंडूची एक पाकळी पडली होती. ती काढायला मी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

जिन्यावर बसलेली लेक एवढेच म्हणाली, "आई, तिने एवढे विचारलेच नव्हते."

खरेच विचारले नव्हते. एक साधा प्रश्न होता आणि मी त्याला आरोप समजून जबानी दिली. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी शंभर प्रश्नांची यादी घोकली होती, तिच्यातले धर्मस्वातंत्र्यावरचे उत्तर मला अजून तोंडपाठ आहे: कोणताही धर्म पाळता येतो, किंवा एकही न पाळता राहता येते. राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने तर १७८७ सालीच लिहून ठेवले आहे की, कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची अट कधीही घातली जाणार नाही. मात्र कायद्याने जी अट घालायची नाही ती मतदाराला मनातल्या मनात घालता येते, आणि उमेदवारांना ते पक्के ठाऊक असते. १८०० साली अध्यक्षपदाचे उमेदवार थॉमस जेफर्सन यांना विरोधकांनी नास्तिक म्हणून झोडपले. १९२८ साली अल स्मिथ हे मोठ्या पक्षाचे अध्यक्षपदाचे पहिले कॅथलिक उमेदवार झाले, तेव्हा हा माणूस निवडून आला तर देश पोपच्या हाती जाईल, अशी भीती गावोगाव घातली गेली, आणि ते हरले.

संध्याकाळी कुकर लावून, पुढे अध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींचे उमेदवार असतानाचे भाषण पुन्हा ऐकले. १२ सप्टेंबर १९६० रोजी ह्यूस्टनमध्ये ते प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांच्या सभेपुढे उभे राहिले होते. समोर बसलेल्यांपैकी अनेकांना त्यांच्या कॅथलिक असण्याविषयी शंका होती आणि तिच्याविषयीच ऐकायला ते जमले होते. पूर्वी मला या भाषणातले, चर्च आणि शासन यांची फारकत संपूर्ण असावी, हे वाक्य तेवढे मोठे वाटायचे. आज दुसऱ्याच वाक्यापाशी मी थांबले. चार कोटी अमेरिकनांची अध्यक्ष होण्याची संधी त्यांच्या बाप्तिस्म्याच्या दिवशीच हिरावली गेली असेल, तर त्यात नुकसान सगळ्या राष्ट्राचे आहे, असे ते म्हणाले. टेक्सासमधल्या अलामोच्या जुन्या लढाईत मेलेल्यांची नावे घेऊन, त्यातले कॅथलिक कोण होते हे आज कोणालाही ठाऊक नाही, कारण तिथे धर्माची परीक्षा नव्हती, असेही म्हणाले. आपला धर्म त्यांच्या धर्मासारखाच आहे, हे पटवण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. माझ्या उत्तरात नेमके ते पटवणेच होते. त्या एका "पण"मध्ये ते सगळे आले.

मग मला माझेच जुने बोलणे आठवले आणि जास्त वाईट वाटले. भारतीय वंशाच्या राजकारण्यांपैकी बॉबी जिंदल हिंदू घरात जन्मून कॅथलिक झाले, निक्की हेली शीख आईवडिलांच्या पोटी जन्मून ख्रिस्ती झाल्या. या दोघांविषयी, मतांसाठी केले असणार, असे मी चारचौघांत अगदी ठामपणे बोललेले आहे. दुसऱ्याच्या श्रद्धेच्या आत काय आहे ते मला कसे कळणार होते? गेल्या डिसेंबरात, रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीत असलेल्या विवेक रामस्वामी यांना आयोवात एका मतदाराने भर कार्यक्रमात धर्मावरून विचारले, तेव्हा आपण हिंदू आहोत आणि ते लपवणार नाही, असे ते स्वच्छ म्हणाले. मला अभिमान वाटला होता. पण पुढे त्यांनी दहा आज्ञा आणि आपले संस्कार यांतली साम्ये सांगायला घेतली, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून, एवढे कशाला, असे म्हटले होते. पंधरा जानेवारीला आयोवातल्या पक्षांतर्गत मतदानात ते चौथे आले आणि त्याच रात्री शर्यतीतून बाहेर पडले. त्यांच्यापुढे निदान एका राज्याची मते होती. माझ्यापुढे एक वयस्क बाई होत्या आणि मला काहीही मिळवायचे नव्हते. त्या तिघांविषयी बोललेला एकेक शब्द मी आज मागे घेते.

इतकी वर्षे या गावात कर भरला, बर्फ काढला, शाळेच्या समितीत काम केले, तरी स्वतःच्या उंबऱ्यावर उभे राहून मी परवानगी मागितल्यासारखे बोलावे, याचे मला रडू आले. हे म्हणाले, "झोप आता." आईला फोनवर यातले काही सांगितले नाही.

डोळे पुसून झाल्यावर माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल आठवले. २००८ साली अध्यक्षपदाचे उमेदवार ओबामा मुसलमान असल्याची कुजबूज सुरू होती आणि, नाही हो, ते ख्रिस्ती आहेत, असे त्यांची बाजू घेणारे सगळे सांगत होते. ते खरेच होते. ऑक्टोबरात पॉवेल यांनी टीव्हीवर हेच बरोबर उत्तर आधी दिले आणि पुढे विचारले की, समजा असते मुसलमान, तर काय बिघडले? या देशातल्या सात वर्षांच्या मुसलमान मुलाने आपण अध्यक्ष होऊ असे मनात आणले तर त्यात काही चूक आहे का? मग त्यांनी आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीतल्या एका छायाचित्राविषयी सांगितले. इराकमध्ये पडलेल्या विशीतल्या सैनिकाच्या दगडावर आई डोके टेकून बसली आहे, आणि त्या दगडावर क्रूस नाही, चंद्रकोर आणि तारा आहे. ते मी तेव्हाही पाहिले होते आणि तेव्हाही रडले होते. तरी सोळा वर्षांनी माझ्या तोंडून निघाले ते "पण"च.

बाईंचा दोष मला आता दिसत नाही. त्यांच्या जगात चर्च म्हणजे ओळखीचा पत्ता असेल, जसे आपल्याकडे, गाव कुठले, असे विचारतात. प्रचाराचा हिशेबही त्यात असू शकेल. २०१६ आणि २०२० मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलला प्रमाण मानणाऱ्या प्रॉटेस्टंट, मतदारांपैकी दहातल्या जवळपास आठांनी एकाच पक्षाला मत दिले, तर कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून रविवारच्या प्रार्थनेनंतर माणसे रांगेने मतदानाला जातात. तेव्हा कोण कोणत्या चर्चला जाते, हे दोन्ही पक्षांना हवेच असते. आणि आमच्या साताऱ्यात, आडनाव सांगितल्यावर, "म्हणजे कोणापैकी?" हा प्रश्न आम्हीही किती सहज विचारत होतो. तो ऐकणाऱ्याच्या पोटात काय होत असेल, हे मी इतक्या उशिरा शिकते आहे.

लेकीचे पहिले मत आहे. धर्माच्या रकान्यात ती "कोणताही नाही" यावर खूण करते. माझ्याशी त्यावरून तिचा वाद झाला होता, तो आता नको वाटतो. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या २०२० च्या पाहणीत आपल्या पक्षाच्या नास्तिक उमेदवाराला मत देण्याची तयारी साधारण ६० टक्के लोकांनीच दाखवली होती, कॅथलिक उमेदवारासाठी मात्र ९५ टक्क्यांनी. केनेडींचे चार कोटी आत आले. ती अजून दाराबाहेर आहे, आणि तिच्या बाजूने मी कधी एक शब्दही बोललेली नाही.

पाच नोव्हेंबरला आम्ही दोघी चालतच जाऊ. आमचे मतदान केंद्र चर्चच्या तळघरातल्या सभागृहात असते. दरवर्षी तिथे कॉफीचा वास आणि भिंतीवर मुलांनी रंगवलेली नोहाची नौका असते, आणि मला तिथे कधीही परके वाटलेले नाही.

जाताना बाई म्हणाल्या होत्या की, मतदानाच्या आधी पुन्हा एकदा येऊन जाईन. मी दोन वाक्ये तयार ठेवली आहेत आणि मघापासून ती हळू आवाजात म्हणून पाहते आहे: आम्ही हिंदू आहोत. परवा आमचा दसरा झाला.