अकरा वेळा

बुधवार, रात्रीचे पावणेअकरा

आदित्यने मोजलं म्हणून कळलं. मला कोणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे 'दोन-तीनदा' म्हटलं असतं.

"बाई, तुम्ही अकरा वेळा 'शांत हो' म्हणालात."

त्यात तक्रार नव्हती. तो सगळंच मोजतो, जिन्याच्या पायऱ्या, माझ्या बांगड्या, परिपाठात कोण किती वेळा खोकलं ते. मी "बरं" म्हटलं आणि हजेरीपट उघडून बसले. चौथ्या तासाला हजेरीपट कशाला लागतो?

झालं एवढंच होतं की कोनदुभाजक काढताना ओमच्या कंपासचं टोक घसरलं. त्याने खोडलं. पुन्हा काढलं, पुन्हा घसरलं, पुन्हा खोडलं आणि कागद फाटला. नखाएवढं भोक. वही नवीन, परवाच कव्हर घातलेली. मग तो बाकाखाली गेला. आधी रडणं नव्हतंच ते, कुकरची शिट्टी अडकली की नुसतीच वाफ फुसफुसते तसा आवाज होता. नंतर डोकं बाकाच्या पायावर आपटायला लागला, हळूहळू, एका लयीत.

आणि मी दोन हात लांब उभी राहून म्हणत होते, शांत हो. ओम, शांत हो. अरे शांत हो ना.

काय करायचं ते मला माहीत नव्हतं असंही नाही, हेच जास्त लागतंय. मे महिन्यात तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, जेवणात जिलबी, शेवटी प्रमाणपत्र. सगळं वहीत लिहून घेतलंय, आत्ताच काढून वाचलं. विचार करणारा, स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो. भीती आणि रागाची घंटा वाजवणारा भाग मात्र आधीपासून जागा. घंटा वाजत असताना मुलाला समजावून सांगू नये, कारण ऐकणारा तेव्हा जागेवर नसतो. आवाज खाली आणावा, उंचीही खाली आणावी, म्हणजे मुलाच्या पातळीवर बसावं. चार मोजत श्वास घ्यावा, सहा मोजत सोडावा. सोडताना ठोके मंदावतात, म्हणून सोडणं लांब हवं. पाच दिसणाऱ्या वस्तू, चार हाताला लागणाऱ्या, तीन आवाज, दोन वास, एक चव. याच्याखाली मी दोनदा रेघ मारली आहे. हिरव्या पेनाने.

यातलं एकही आठवलं नाही. माझी स्वतःची घंटा वाजत होती, दुसरं काय. एक कान ओमकडे होता आणि दुसरा व्हरांड्याकडे, मोठ्या बाईंच्या चपलांचा आवाज येतोय का ते ऐकत. म्हणजे 'शांत हो' हे मी ओमला म्हणतच नव्हते की काय? वर्ग शांत दिसावा म्हणून म्हणत होते? आवाज बंद झाला असता तर तो बाकाखालीच राहिला तरी मला चाललं असतं, असं होतं का ते? हे लिहायला नको होतं. पण लिहिलं.

मग सानिका उठली. परवानगी न घेता. बाकाशेजारी फरशीवर मांडी घालून बसली आणि पेन्सिलीला टोक करायला लागली. बोलली नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. एक पेन्सिल झाली, मग दुसरी. लाल-काळी पेन्सिल, त्यामुळे शार्पनरमधून लाल काठाचा, झालरीसारखा लांब पापुद्रा निघतो, तो ती अलगद फरशीवर ठेवायची. तुटू न देता. चौथ्या-पाचव्या पापुद्र्याला बाकाखालून एक बोट आलं आणि त्याने तो थोडा सरकवला, रांगेत आणला. तिने पुढचा ठेवला. त्याने सरकवला. दहा मिनिटांनी हुंदके उरले होते. तास संपता संपता ओम बाहेर आला तो ते पापुद्रे गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकायला.

मधल्या सुट्टीत तिला गाठलं. तुला कोणी शिकवलं गं?

"कोणी नाही. विचारत बसलं की त्याला जास्त होतं, बाई." मग जरा थांबून, "आणि तुमचा आवाज चढतो ना, शांत हो म्हणताना."

अकरा वर्षांची पोर आहे.

दुपारभर स्वतःची कीव करून घेतली. ४८ चा पट, पोषण आहाराच्या नोंदी, ती ऑनलाइन माहिती जी दर आठवड्याला नव्याने भरायची, वर शिक्षण हक्क कायद्यातलं कलम १७, की मुलाला मारायचं नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही. बरोबरच आहे, मला कुठे द्यायचाय. पण बाईंना त्रास झाला तर कोणतं कलम? स्टाफरूमच्या भिंतीवर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ मीच लिहून चिकटवलाय, मुलांसाठी आणि पालकांसाठी म्हणून. आज चहा पिताना तो नंबर मी जरा जास्तच वेळ वाचला. बाबांच्या वेळीही सगळे मला 'शांत हो'च म्हणत होते. माझ्याजवळ बसून कोणी पेन्सिली तासल्या होत्या का?

ते जाऊ दे.

येताना गाडगे महाराज पुलावर गाडी बाजूला लावली. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, म्हणजे अख्खं नाशिक पुलावर. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं होतं. एक काका नेहमीप्रमाणे १९६९ च्या पुरावर आले, दुसऱ्याने २००८ काढला, पाणी सरकारवाड्याच्या कितव्या पायरीला लागलं होतं यावरून दोघांची जुंपली. टपरीवाल्यांनी मात्र सामान आधीच वर नेऊन ठेवलेलं, आणि ते शेंगदाणे खात बसलेले. नदीला कोणी 'शांत हो' म्हणत नव्हतं. किती सोडलं आणि कधीपर्यंत सोडणार, एवढंच सगळे विचारत होते. आणि कुठवर आलं ते मारुतीकडे बघून.

(हे लिहिल्यावर मला माझाच निबंध तपासावासा वाटतोय. दहापैकी सहा. उपमा बरी, पण ओढूनताणून.)

तरी ते डोक्यातून जाईना. वर्गात 'दहापैकी किती राग आलाय' असं विचारायला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी एकदा विचारलं, तर सगळ्यांनी मार्क समजून दहा दिले. मारुतीचं विचारलं तर? घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. पंचवटीतल्या पोरांना समजावून सांगावं लागणार नाही. आणि कोणी 'डोक्यावरून' म्हटलं की आपण सामान वर घ्यायचं. वही मिटायची, बाकं सरकवायची, प्रश्न नंतर. ओमला मात्र सगळ्यांसमोर नको विचारायला. आदित्य हिशेब ठेवेल.

घरी आले तर खोलीचं दार आपटलेलं. चाचणीचे मार्क. मी पर्स खाली ठेवायच्या आधी दाराला म्हणाले, "अगं, शांत हो जरा."

बारा. आता माझं मीच मोजते.

हसू आलं, खरंच आलं. एवढं प्रमाणपत्र लॅमिनेट करून घेतलंय! पुन्हा दार वाजवणार होते, पण ओट्यावर उद्याच्या डब्याची गवार पडली होती. परात घेतली आणि दाराबाहेर जमिनीवर बसले. गुडघा कुरकुरला, तो वेगळा विषय. शेंडा मोडायचा, देठ मोडायचं, शीर ओढायची. बराच वेळ आतून काही नाही. मग,

"आई, काय करतेस?"

"गवार."

"इथे?"

"हं."

पुन्हा काही नाही. हे आले, माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होते, परातीकडे बघून पलीकडून गेले. बदलीच्या ऑर्डरचं विचारायचं होतं त्यांना बहुतेक. थोड्या वेळाने दाराच्या फटीखाली दोन पायांची सावली आली. पलीकडे बसली असावी, दाराला टेकून.

"किती आहे?" आतून.

"अर्धा किलो."

"सगळी आजच?"

निम्म्याहून जास्त झाली होती. मी हात सावकाश चालवायला लागले.