जळक्या बीएलडीसी पंख्याचा जनरेटर: तिसरा आठवडा

झालं एकदाचं, काल रात्री पायडल मारून मोबाइल चार्ज केला!

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात लाइट सारखी जा-ये करत होती त्यात आमच्या हॉलमधला बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा गेला, सर्किट जळलं पण मोटर शाबूत. कबाडी मागत होता, मी दिला नाही. साध्या ७५ वॅटवाल्या पंख्यात कायमचे चुंबक नसतात त्यामुळे तो नुसता फिरवून कामाची वीज मिळत नाही, पण ह्याच्या फिरत्या डब्यात आतून चुंबक चिकटवलेले असतात, वीज दिली तर फिरतो आणि फिरवला तर वीज देतो. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं ते हेच, कॉइलजवळचं चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं की कॉइलमध्ये व्होल्टेज येतं.

कोणाकडे असा पंखा असेल तर एक गोष्ट नक्की करून बघा. तिन्ही वायरी मोकळ्या ठेवून डबा हाताने फिरवा, एका बोटाने फिरतो. मग तिन्हींची टोकं एकत्र पिळा आणि परत फिरवा, घट्ट पिठल्यात डाव फिरवावा तसं वाटतं. करंटला रस्ता मिळाला की त्याचं चुंबकत्व फिरण्यालाच अडवतं, आणि आपण लावलेला जोर तांब्यात उष्णता होऊन जातो. लेन्झचा नियम शाळेत पाठ केला होता, हाताला पहिल्यांदा कळला. बाबांना बोलावून दाखवलं, ते पण दहा मिनिटं फिरवत बसले.

आता सेटअप. दांडा लाकडी चौकटीत घट्ट बसवला, जुन्या सायकलचं मागचं टायर काढून रिमवरून पट्टा थेट पंख्याच्या डब्यावर घेतला. महाराणी रोडवरून सहा डायोड (मोटरचा उलटसुलट करंट एका दिशेचा, म्हणजे डीसी करायला), ४७०० एमएफडीचा (मायक्रोफॅरड) कपॅसिटर आणि व्होल्टेज उतरवून ५ व्होल्ट देणारं बक मॉड्यूल आणलं. लोड नसताना डीसी २६ व्होल्ट येतं, मोबाइल लावला की २१. आधी कपॅसिटर नव्हता, पाय जरा मंदावला की चार्जिंग तुटायचं, आता तेवढं तो सांभाळून घेतो.

अर्ध्या तासात बॅटरी ४१ वरून ६२ टक्के. माझ्या ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास मावतात, म्हणजे पूर्ण भरायला दोन तासांच्या वर पायडल. आई म्हणाली एवढ्या मेहनतीत तर गीझर चालला असता, म्हणून हिशेब केला: २००० वॅटचा गीझर तेवढी वीज ३४ सेकंदात खातो. आईला खरं वाटेना, मी कागदावर मांडून दाखवलं.

गळती कुठे होते ते बोटाने शोधतोय, अर्थात पायडल थांबवून. डायोड कोमट लागतात, करंट एका वेळी दोन डायोडमधून जातो आणि प्रत्येकात ०.७ व्होल्ट पडतं, म्हणजे साधारण सहा टक्के तिथेच गेले. पट्टा त्याहून गरम होतो, घसरतोय बहुतेक. शॉटकी डायोडमध्ये ०.४ च्या आसपासच पडतं, ते रविवारी लावतो, पण आधी पट्टा ताणायची सोय करायला हवी, मधे एक छोटी पुली स्प्रिंगवर बसवावी असं डोक्यात आहे. कोणी केलंय का असं? फोटो टाका.