माहेरवाशिणींचा माग : वंशावळीचं काम कुठवर आलं

आमच्या घराण्याच्या वंशावळीत पुरुषांची ओळ पणजोबांच्याही आजोबांपर्यंत लागली आहे. बायकांच्या जागी मात्र बऱ्याच ठिकाणी नुसतं 'पत्नी' असं लिहिलेलं. ती कुठल्या गावची, कुणाची लेक, तिच्या नणंदा कुठे दिल्या, काहीच नाही. माझ्या अंगात त्यांचंही तेवढंच रक्त आहे, म्हणून या वर्षी फक्त बायकाच शोधायच्या असं ठरवलं. पैसे बेताचे, त्यामुळे वंशावळीच्या परदेशी संकेतस्थळांची वर्गणी आणि डीएनए तपासणी पहिल्यापासूनच बाजूला. आमच्यासारख्या आगरी घरांना त्यांचा उपयोग फारसा नाहीच.

नवी मुंबईतल्या मूळ गावांत राहणाऱ्यांकडे एक मोठा खजिना आधीच घरात असतो. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ आलं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घ्यायचं ठरलं. १९८४ च्या जासईच्या शेतकरी आंदोलनानंतर साडेबारा टक्के योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. तो भूखंड मिळवायचा तर मूळ खातेदाराचे वारस कोर्टातून सिद्ध करावे लागतात. आमच्याकडे घणसोलीला काकांच्या कपाटात त्या वारस दाखल्याच्या अर्जाची प्रत निघाली. त्यात मयत खातेदाराचे सगळे वारस होते, मुलीसुद्धा, वय, सासरचं नाव आणि पत्त्यासकट. तीन आजेआत्या एकाच पानावर भेटल्या. भूखंडाची फाईल घरात असेल तर आधी ती उघडा, एक पैसा लागत नाही.

त्याच्या मागे जायचं तर जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदी. आजचा सातबारा इथे कामाचा नाही, कारण त्यावर आता आपलं नावच उरलेलं नाही. ठाणे तालुक्यातल्या गावांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा, आणि त्याआधी 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर गाव शोधून पाहायचं, काही जुनी पानं तिथे स्कॅन करून ठेवलेली आहेत. फेरफार वाचताना माझी नजर आता थेट तीन जागांवर जाते. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको किंवा विधवा. 'भ्र.' च्या पुढे लेकीच्या नवऱ्याचं नाव. आणि सगळ्यात मोलाचं 'अ.पा.क.', अज्ञान पालन करणार. बाप गेला आणि मुलगा लहान असला की पालनकर्ती म्हणून आईचं नाव लागतं. एरवी जिचं नाव कुठेच आलं नसतं, ती माझी खापरपणजी मला अशी सापडली. त्या दिवशी ती नक्कल हातात धरून मी तहसीलच्या बाकावर बराच वेळ बसले होते.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या आधीच्या वारस नोंदींत मुली क्वचितच दिसतात. नंतर दिसतात, आणि पुष्कळदा पाठोपाठ हक्कसोडपत्रही येतं. बहिणींनी भावांच्या नावे हक्क सोडला, एवढाच त्या कागदाचा अर्थ. वाचताना दर वेळी जीव तुटतो. पण प्रत्येक बहिणीचं नाव, वय, सासरचं गाव आणि खाली डाव्या हाताचा अंगठा, हे सगळं एकत्र मला दुसऱ्या कुठल्याच कागदात मिळालेलं नाही. आमच्या एका आजेआत्याची दुसरी कुठलीही खूण उरलेली नाही, फक्त तो अंगठा आहे.

आता माहेर कसं शोधायचं? इथे शाळा उपयोगी पडली. प्राथमिक शाळेच्या प्रवेश निर्गम उताऱ्यात जन्मस्थळाचा रकाना असतो. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणून घरातल्या थोरल्या लेकराच्या नावापुढे दुसऱ्याच गावाचं नाव दिसलं की ते आईचं माहेर असण्याची शक्यता दाट. त्या गावचं जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर, म्हणजे गाव नमुना १४, काढलं की खात्री करता येते. आमच्या दोन पणज्यांची माहेरं अशीच लागली, एकीचं तुर्भ्याला आणि एकीचं थेट पनवेल तालुक्यात.

आणि आहेराच्या वह्या! लग्नात कोणी काय घातलं ते नाव-गावासकट लिहून ठेवायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, तो आहेर फेडायचा असतो ना. काकूने जपलेल्या एका वहीत मामाकडचे, मावशीकडचे, आत्यांच्या सासरचे असे सगळे गावांप्रमाणे एकाखाली एक आहेत. नात्यांचा नकाशाच तो. एकाच गावातून चार-पाच आहेर आले असतील तर तिथे आपली लेक दिली आहे किंवा तिथली सून आणली आहे, असं धरून चौकशी करायची. मी ती यादी घेऊन गावातल्या म्हाताऱ्या धवलारणीकडे गेले. हळदीला आणि लग्नाला धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायला तिला घराघरांत बोलावणं असायचं, त्यामुळे कुठली नवरी कुठे गेली हे तिला आमच्या घरच्यांपेक्षा चांगलं आठवतं. तिचं बोलणं तिच्या परवानगीने मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलं आहे. असं माणूस तुमच्या गावात असेल तर कागद थांबू शकतात, आधी तिच्याकडे जा.

बाकी थोडक्यात : नोंदी ग्रॅम्प्स या वंशावळीच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये भरते आहे, देवनागरी नीट चालते. जुन्या कागदांसाठी मोडी लिपी हळूहळू शिकते आहे, अजून लग्नाच्या याद्याच वाचता येतात.

पुढचं काम पनवेलच्या पणजीचं. तिथे जिल्ह्याचा घोळ लक्षात ठेवावा लागतो. १८८२ च्या गॅझेटियरमध्ये पनवेल ठाणे जिल्ह्याच्या खंडात आहे, नंतर ते कुलाब्यात गेलं आणि कुलाब्याचा रायगड झाला १९८१ मध्ये. म्हणजे कुठल्या काळातला कागद हवा त्यावर कुठे विचारायचं ते ठरणार. पनवेल किंवा उरणकडच्या गावांतल्या १९५० च्या आधीच्या आहेराच्या वह्या कुणाकडे असतील तर सांगा, मी स्वतः येऊन पानांचे फोटो काढेन आणि त्याची प्रत तुम्हालाही देईन.