वॅलोरंट बारा वर्षांच्या पोराने खेळावा का? रक्ताचं सोडा, हेडफोनमध्ये काय चाललंय ते ऐका

धाकट्या बहिणीचा मेसेज आला, "दादा, ह्याला वॅलोरंट पाहिजे, वर्गातले सगळे खेळतात म्हणतो, बंदुका आहेत ना त्यात? हो म्हणू की नको?" भाचा बारा वर्षांचा. आणि घरातला गेममधलं कळणारा माणूस म्हणजे मी, कारण कॉलेजात असताना मी नाशिकच्या सायबर कॅफेत काउंटर स्ट्राइक १.६ हा बंदुकांचा जुना गेम खेळत पडलेला असायचो हे तिला पक्कं माहितीये (आईला कधी सांगितलं नाही, उपकार आहेत). तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, सोसायटीतल्या अजून दोघांनी हेच विचारलंय म्हणून.

ज्यांनी बघितलाच नाहीये त्यांच्यासाठी, वॅलोरंट हा रायट गेम्सचा २०२० सालचा फुकट गेम, पाच विरुद्ध पाच. एक टीम स्पाइक नावाचा बॉम्ब लावायला येते, दुसरी अडवते, बॉम्ब लागला की ४५ सेकंदात फुटतो, त्याआधी तो निकामी करायचा. १२ राउंड झाले की बाजू बदलतात आणि १३ राउंड आधी जिंकेल तो जिंकला. काउंटर स्ट्राइकचंच हाडामासाचं पोर आहे हे, फक्त ह्यात प्रत्येक कॅरेक्टरला काहीतरी जादू आहे, कोण भिंत उभी करतं, कोण धूर सोडतं, हार्बर म्हणून एक आपला भारतीय गडी आहे तो पाणी फिरवतो. लोटस नावाचा मॅप तर चक्क पश्चिम घाटातला दाखवलाय, गोल फिरणारे दगडी दरवाजे वगैरे. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला उगाचच भारी वाटलं होतं.

आता रेटिंग, म्हणजे कोणत्या वयापासून खेळावा ते. अमेरिकेतली रेटिंग देणारी संस्था ईएसआरबी म्हणते टीन, म्हणजे १३ च्या पुढे. युरोपातली तशीच संस्था पेगी म्हणते १६. एकच गेम, तेच रक्त, त्याच बंदुका, आणि तीन वर्षांचा फरक, मग आपण कुणाचं ऐकायचं? आणि ह्याच जातीचा रेनबो सिक्स सीज घेतलात तर तिथे अमेरिका १७ म्हणते आणि युरोप १८, कारण तो खऱ्याखुऱ्या कमांडो पथकांवर बेतलेला आहे, घरात घुसून भिंती फोडत चाललेली मारामारी, सगळं खऱ्यासारखं दिसतं. वॅलोरंट त्यामानाने कार्टूनकडे झुकतो. गोळी लागली की रक्त उडतं, पण सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं, मग नुसत्या ठिणग्या दिसतात. मेलेल्याचा देह दिसणंही बंद करता येतं. बहिणीची अर्धी काळजी तिथेच संपली, मला मात्र तिथे कधी काळजी नव्हतीच.

"गेम खेळून पोरं हिंसक होतात" ह्यावर फार वेळ घालवत नाही. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या लोकांनी १४-१५ वर्षांच्या हजारेक ब्रिटिश मुलांवर अभ्यास केला होता, त्यात मुलाने काय वाटतं ते सांगितलं एवढ्यावर न थांबता पालकांनाही विचारलं आणि गेम किती हिंसक हे अधिकृत रेटिंगवरून ठरवलं, त्यात काही संबंध सापडला नाही. उलट निष्कर्ष काढणारे अभ्यासही आहेत, भांडण जुनं आहे, मिटलेलं नाही. पण ते मिटलं तरी माझा मुद्दा तिकडे नाहीये.

मुद्दा असा की ह्या गेममध्ये मेलात की बहुतेक वेळा त्या राउंडपुरते मेलात. बीजीएमआयमध्ये (पबजीचा भारतातला अवतार) मेलात तर लॉबीत या, दुसरी मॅच लावा. नुसती मारामारीची डेथमॅच असेल तर दोन सेकंदात परत जिवंत. इथे तसं नाही, इथे मेलेला माणूस तिथेच बसून राहतो आणि जो जिवंत आहे त्याची स्क्रीन बघत राहतो. आता कल्पना करा, चार जण मेलेत, तुमचा पोरगा एकटा उरलाय, समोर दोघं आहेत, बॉम्ब टिकटिक करतोय, आणि ते चार मेलेले, जे बहुतेक वेळा कोण कुठले हे त्याला माहीतही नसतं, ज्यातला एखादा पंचविशीतला इंजिनियर असेल जो ऑफिसातून वैतागून आलाय, ते सगळे ह्याचीच स्क्रीन बघतायत आणि माइक चालू आहे. चुकला की काय ऐकायला मिळतं ते मी इथे लिहू शकत नाही. आई, बहीण, जात, प्रांत, आवाज बारीक असेल तर त्यावरून वेगळंच, आणि मुलीचा आवाज असेल तर विचारूच नका. हे ह्या एका गेमचं नाही, ह्या प्रकारच्या सगळ्याच गेमचं आहे, कारण गेमची रचनाच अशी आहे की मेलेल्याकडे दुसऱ्याला बोलण्याशिवाय कामच नसतं.

आणि हे रेटिंगमध्ये येत नाही. ईएसआरबीच्या रेटिंगच्या चौकोनाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतंच की खेळणारे एकमेकांशी बोलू शकतात, त्या बोलण्याचं रेटिंग आम्ही देत नाही. म्हणजे १३ आकडा हा फक्त पडद्यावर जे दिसतं त्याचा. रायटने २०२२ मध्ये व्हॉइस चॅट रेकॉर्ड करून शिवीगाळ ओळखायची सिस्टिम शिकवायला घेतली, सुरुवात उत्तर अमेरिकेत, इंग्रजीपासून. आपल्या मुंबई सर्व्हरवर एका वाक्यात तीन भाषांतल्या शिव्या असतात, शिकवणाऱ्याला शुभेच्छा.

सायबर कॅफेत आम्ही काय कमी शिव्या दिल्या? दिल्या की, भरपूर. पण ज्याला दिली तो शेजारच्या खुर्चीवर बसलेला असायचा, अति झालं तर तो कानाखाली द्यायचा आणि कॅफेवाला काका दोघांना बाहेर काढायचा. ती सोय ऑनलाइन नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. "जेवायला ये" म्हटलं की पोरगं "दोन मिनिटं" म्हणतं आणि आई भडकते, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात चालू आहे, पण ह्यात पोरगं खोटं बोलत नसतं हो. मॅचला पॉज नाही. पूर्ण मॅच ३०-४० मिनिटं चालते, मध्येच उठलात तर बाकीचे चार जण एक माणूस कमी घेऊन खेळतात आणि ह्याला पेनल्टी बसते, परत परत केलं तर बंदी वाढत जाते, रँक्डमध्ये, म्हणजे हार-जितीवरून क्रमवारी ठरते त्या प्रकारात, पॉइंट पण जातात. त्यामुळे वीज बंद करणं, वायफाय उपटणं हे उपाय करू नका, मॅच सुरू व्हायच्या आधी विचारा "आता शेवटची ना?" स्विफ्टप्ले नावाचा छोटा प्रकार आहे, ५ राउंड जिंकले की संपला, पंधराएक मिनिटांत होतो. गंमत म्हणजे रायटची मालक कंपनी टेन्सेंट चीनची, आणि चीनमध्ये २०२१ पासून अठराच्या खालच्यांना ऑनलाइन गेमसाठी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच वेळ आहे. आपल्याकडे ते काम आईचं.

पैशाचं पटकन सांगतो. जिंकायला पैसे लागत नाहीत, बंदुकीचे रंगीबेरंगी स्किन, म्हणजे नुसतं वरचं रूप, विकतात, त्याने गोळी जास्त लागत नाही. लॉटरीसारखे डबे उघडायचा प्रकारही नाही, काउंटर स्ट्राइकमध्ये तो आहे. पण किमती बघून घ्या, २०२० मध्ये ड्रॅगनच्या बंदुकांचा एक सेट आला होता तो ९,९०० पॉइंटचा (पैसे देऊन घ्यायचं गेममधलं चलन), म्हणजे अमेरिकेत जवळपास शंभर डॉलर. कार्ड सेव्ह करू नका, विषय संपला.

आणि बाबांच्या ऑफिस लॅपटॉपवर तर मुळीच टाकू देऊ नका. व्हॅनगार्ड म्हणून चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर सोबत येतं, ते विंडोजच्या अगदी आतल्या थरात बसतं आणि कॉम्प्युटर चालू झाल्यापासून चालू असतं. ऑफिसच्या आयटीवाल्याचा फोन आला तर मी ओळखत नाही तुम्हाला.

तर बहिणीला काय सांगितलं? आठ-नऊ वर्षांचं असतं तर सरळ नाही, रक्त बंद करूनसुद्धा नाही, त्या वयात हरल्यावर अनोळखी माणूस काय बोलला हे झटकून टाकता येत नाही. बाराला मी हो म्हटलं, पण अट घातली, चार मित्र जमव. टीम पाचाची असते, पाचही ओळखीचे असले की आपल्या बाजूला अनोळखी माणूस उरतच नाही, मग व्हॉइस चॅट फक्त पार्टीपुरता, म्हणजे आपण जमवलेल्या ग्रुपपुरता, ठेवायचा, टीमचा बंद, समोरच्यांचं टेक्स्ट चॅट पण बंद. पाच जण नाही जमले तर त्या दिवशी गेम नाही. पीसी हॉलमध्ये. रँक्डला अकाउंट लेव्हल २० लागतेच, पण लेव्हल झाली तरी माझ्या मते पंधरा-सोळापर्यंत नको, तिथे लोक खेळायला नाही, आयुष्याचा हिशोब चुकता करायला येतात.

भाच्याने तोंड पाडलं, "मामा, सोलोशिवाय एम सुधरत नाही." म्हणजे एकट्याने अनोळखी लोकांत खेळल्याशिवाय नेम सुधरत नाही. एम सुधरवायला प्रॅक्टिस रेंज आहे म्हटलं, तिथे समोर कॉम्प्युटरने चालवलेले बॉट असतात, ते शिव्या देत नाहीत.

आता खरी अडचण पुढे आहे. पाच पोरांचे क्लास, कराटे, एकाचा तबला, सगळं सांभाळून शनिवारी संध्याकाळी ६ ते ८ ठरलंय, आणि त्यातल्या एकाच्या पीसीवर व्हॅनगार्ड चालूच होत नाहीये, त्याच्या बाबांना बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीचं कॉम्प्युटरचं सेटिंग) व्हॅनगार्डला लागणारं सिक्युअर बूट कसं चालू करायचं ते फोनवर सांगून बघितलं, त्यांनी कॉम्प्युटरची तारीखच बदलून ठेवली. रविवारी स्वतःच जातोय.