वाफा भरेपर्यंत

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी माझा अभ्यास म्हणजे एक पिवळा हायलायटर. परतवाड्याहून निघालेल्या एसटीत खिडकीशी बसायचं आणि वनस्पतिशास्त्राच्या पानांना हळद लावत गावी यायचं. हळद लागली म्हणजे लग्न झालंच, अशी समजूत! हिवाळी परीक्षेत प्रश्न वाचला, तर पान डोळ्यांपुढे आलं, पिवळा पट्टाही आला. त्यावरची अक्षरं तेवढी आली नाहीत.

निकाल लागायचा होता, पण बाबांना तो माझ्या तोंडावरच दिसला. बोलले काही नाहीत. गव्हाच्या ओलिताला सोबत नेऊ लागले, बस. शेतीची लाइन कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत मोटर सुरू करून दांड फोडला की वाफा भरेपर्यंत वीसेक मिनिटं मोकळी. डोक्याला बॅटरी बांधून मी धुऱ्यावर वाचायचो. वाफा भरला की उठून फावड्यानं पाणी पुढं वळवायचं. आता हात चिखलाचे, पुस्तकाला लावायची सोय नाही. मग वाचलेलं मनातच घोळवायचं. जिथं अडलं तिथं चरफडायचं, आणि हात धुतले की तेवढंच पुन्हा बघायचं.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हेच तपासलं होतं, हे फार पुढं कळलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे सरस. आठवड्यानं विचारलं तर आठवून पाहणारे. माझा हायलायटर पाच मिनिटांचाच गडी! आणि कशाला एवढ्या लांब जायचं? आमच्या विद्यापीठाला नाव गाडगेबाबांचं. ते कीर्तनात लोकांना प्रश्नच विचारत सुटायचे.

एका रात्री परासरण, म्हणजे मुळात पाणी शिरतं कसं ते, घोळवत होतो.

“काय पुटपुटून रायला रे?”

सांगितलं. मुळाच्या आतल्यापेक्षा बाहेरचं पाणी फार खारं असलं, तर मुळाला ते ओढता येत नाही.

बाबा फावड्यावर रेलले. “म्हनजे दर्यापूरकडं तुह्या मामाच्या विहिरीचं पानी पिकाले चालत नाही, थे याच्यानंच?”

“हो.” खारपाणपट्टा माझ्या पुस्तकात नव्हता, मामा तर नव्हताच.

“मंग समुद्राच्या काठचं झाड कसं जगते?”

मी आठवू लागलो. बाबाही वाट बघत उभे राहिले. तोवर वाफा फुटून पाणी शेजाऱ्याच्या तुरीत शिरलं होतं.