काकू, डोकं नको, हात वर!

मंगळवार, रात्री साडेदहा

उजवा खांदा धरल्याला चार महिने झाले. मधुमेह असला की खांदा आखडण्याची शक्यता जास्त असते, हे मला तो आखडल्यावर कळलं. आज फिजिओथेरपीवाल्या ताईंनी कागद पुढे केला, ऑक्सफर्ड शोल्डर स्कोअर. १९९६ सालचे बारा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ४८. जितके जास्त, तितका खांदा बरा. गेले चार आठवडे आठवून लिहायचं.

काटा आणि सुरी एकाच वेळी वापरता येते का? अहो, खांदा धडधाकट होता तेव्हाही कधी वापरली नाही! जेवणाचा ट्रे घेऊन खोली ओलांडता येते का? ट्रेच्या जागी मी वरणाचं पातेलं धरलं आणि दोन लिहिले. कपाटात कपडे टांगता येतात का? माझ्या साड्या घडी घालून फळीवर. त्यापेक्षा गॅलरीतल्या दांडीवर काठीने चादर चढवता येते का, हे विचारा ना. तिथे शून्य.

केस विंचरण्याला मात्र ऐटीत चार दिले.

"काकू, विंचरून दाखवा बरं."

दाखवलं.

"हात कुठे वर गेला? डोकंच खाली आलं की!"

ओशाळले. मग तिथेच बसून एकेक चोरी आठवत ताईंना सांगत गेले. साडीचा पहिला वेढा पाठीमागे डाव्या हातातून उजव्या हातात घ्यायचा, तिथे घोडं अडतं. मग मीच गोल फिरून साडीत शिरते. आतल्या कपड्याचा हुक पुढे लावून मागे सरकवते. वरच्या फळीवरचे डबे कधी खालच्या ओट्यावर आले, घरात कुणालाच कळलं नाही. मलाही नाही. कागदावर तर 'कपडे घालायला फारसा त्रास नाही' असंच लिहून बसले होते.

ताईंनी केस आणि कपडे, दोन्हीकडचे गुण कापले. २३चे २० झाले. रात्री दुखण्याने झोप मोडते का, या प्रश्नाला तेवढा विचार करावा लागला नाही. रोज.

गृहपाठ दिलाय, भिंतीवर बोटांनी चालत हात वर न्यायचा. स्वयंपाकघरात पेन्सिलीने आजची खूण केली. कॅलेंडरच्या खिळ्याच्या चांगली वीतभर खाली आहे, पण टाचा न उचलता, खांदा न उडवता.